एकशेचाळीसला अळी

ताईच्या फोनमध्ये माझा नंबर 'किडा' या नावाने आहे.

•

फवारणी झाली की घराच्या खिडक्या तीन दिवस बंद. वर्षाला सात फवारण्या. एकवीस दिवस. ताई हा गुणाकार भांडी घासताना मोठ्याने करते, म्हणजे भाऊजींना ऐकू जावा.

•

प्रयोगशाळेतून येणाऱ्या खोक्यावर छापलेलं: जिवंत माल. उन्हात ठेवू नये. आपटू नये. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलेलं: फार वाट पाहायला लावू नये.

•

एकाच दिवशी, सकाळी सातला: वरच्या बागेत सहा अंश, खालच्या बागेत सतरा. मध्ये एक घाट आणि चार तासांची बस. बस बदलायच्या गावात माझं ऑफिस.

•

सापळ्यात फक्त नर सापडतात. हे ऐकून ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "त्यात नवल काय?"

•

साहेब: "डोंगरावर बसवलेलं गणित खाली उतरताना पाय घसरून पडतं. पाहिलंय मी." काय पाहिलंय ते साहेब कधीच सांगत नाहीत.

•

बेरीज : सुरू नाही

मी बागेतल्या किडीचा अंदाज सांगते. कीड आल्यावर ओरडणारे पुष्कळ असतात. मला ती यायच्या आधी सांगण्याचा पगार मिळतो.

माझी कीड एकच. करड्या रंगाचा, नखाएवढा पतंग, पंखाच्या टोकाला तांब्याचा डाग. सफरचंद कापल्यावर आत जी अळी भेटते, तिचे हे वडील. नासपतीही तिला चालते.

पतंगाला तारीख कळत नाही, ऊब कळते. दिवसाचं सरासरी तापमान घ्यायचं, त्यातून दहा वजा करायचे आणि उरेल ते साठवत जायचं. दहाच्या खाली तो वाढतच नाही, नुसता बसून राहतो. हिवाळा संपल्यापासून ही ऊब मोजली तर पहिला पतंग कधी उडेल ते कळतं. पहिला पतंग सापळ्यात आला की बेरीज पुसून पुन्हा शून्यापासून धरायची. ऐंशीच्या आसपास पानांवर अंडी भरपूर. एकशेचाळीसला अंड्यातून अळी निघते आणि सरळ फळात घुसते. एकदा घुसली की तिला बाहेर काढायला सुरीच लागते.

हे गणित मी वरच्या काकांच्या वहीवरून बसवलं. काका माझे सख्खे कुणी नाहीत. ते सगळ्यांचेच काका आहेत. डोंगरावर त्यांची सफरचंदाची बाग आहे आणि एकोणीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तापमान आणि पतंग लिहून ठेवलेत. त्यांच्या बागेत माझा अंदाज आजवर दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलेला नाही.

पण वर दुपारसुद्धा स्वेटरातली असते. खाली ताईच्या नासपतीच्या बागेत दुपारी पारा असा चढतो की पतंगही सावली शोधतो. फार तापलं की त्याची वाढ मंदावते. ती हद्द गणितात घालायला मला अख्खा हिवाळा लागला. हे नवं गणित या वर्षी पहिल्यांदा खाली उतरणार होतं, आणि ते ताईच्या बागेत उतरणार होतं, कारण ताईने घरात शब्द देऊन टाकला होता.

शब्द असा: या मोसमात पहिली फवारणी नाही. त्याऐवजी ट्रायकोकार्ड.

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्यावर वीस हजार अंडी चिकटवलेली. प्रत्येकातून टाचणीच्या टोकाहून लहान अशी एक गांधीलमाशी निघते. ती माणसाला चावत नाही, तिला तेवढा वेळ नसतो. ती पतंगाचं अंडं शोधते आणि त्यात आपलं अंडं घालते. पतंगाचं अंडं काळं पडतं. अळी निघत नाही. फक्त या माश्या जेमतेम चार दिवस जगतात. लवकर सोडल्या तर पानांवर अंडीच नसतात. उशिरा सोडल्या तर अळी फळात जाऊन बसलेली असते. म्हणजे सगळा खेळ तारखेचा.

"तारीख कोण सांगणार?" भाऊजींनी विचारलं होतं.

"किडा," ताई म्हणाली.

भाऊजी वाईट नाहीत. फवारणीनंतर दोन दिवस त्यांचंच डोकं दुखतं. पण बाग त्यांची, आणि अळी पडलेली नासपती कुणी घेत नाही. त्यांनी अट घातली: एकदाच. तारीख चुकली तर पंप बाहेर येणार आणि खिडक्यांचा विषय जेवताना पुन्हा निघणार नाही.

"आणि नाही चुकली तर?" ताईने विचारलं.

"तर पंप अडगळीतच."

माझ्या नव्या गणिताने पहिला पतंग सोमवारी यायला हवा होता.

सोमवारी सकाळी सातला ताईने सापळ्याचा फोटो पाठवला. शून्य. मंगळवारी शून्य. बुधवारी शून्य, खाली ताईचा निरोप: तुझी मंडळी रुसलीत का? गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार शून्य. सापळा फोटोत इतका लख्ख दिसायचा की त्यात जेवावं. पुन्हा सोमवार. पुन्हा मंगळवार.

साहेब माझ्या टेबलापाशी येऊन फोटो बघायचे आणि पाय घसरल्याचा अभिनय करून पुढे जायचे.

बेरीज : ०

बुधवारी फोटोत चौदा पतंग.

मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. पहिल्याच दिवशी चौदा? काकांच्या वहीत एकोणीस वर्षांत पहिल्या दिवशी कधी तीनच्या वर आकडा नाही. पण फोटो म्हणजे फोटो. मी शून्याची पाटी लावली, म्हणजे ताईच्या बागेची बेरीज त्या दिवसापासून धरली. रोज नऊच्या आसपास ऊब साठेल, नऊ दिवसांत ऐंशी. कार्डांची तारीख पुढचा शुक्रवार. माश्या वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत फोन करून आठ कार्डं सांगितली. त्यांचा माल गुरुवारी निघणार होता. अगदी चोख बसलं.

फक्त माझं गणित नऊ दिवसांनी चुकलेलं होतं. सोमवार म्हटलं होतं, पतंग पुढच्या बुधवारी आला.

बेरीज : ९

गुरुवारी पुन्हा शून्य.

चौदा, मग शून्य. याचं कारण म्हणून मी तीन गोष्टी लिहिल्या. एक, रात्री वारा पडला असेल. दोन, खालचा पतंग वरच्यापेक्षा वेगळ्या स्वभावाचा असेल, एकदम उठतो आणि एकदम बसतो. तीन, मला काही कळत नाही. साहेबांना दुसरी फार आवडली. ते म्हणाले, यावर निबंध होईल. तिसरी मी त्यांना दाखवली नव्हती.

शुक्रवारीही शून्य. मग मी एक लाजिरवाणी गोष्ट केली. गणितातला तो हिवाळाभर तपासलेला हद्दीचा आकडा खाली ओढला, एका जागी नाही, दोन जागी, तेव्हा कुठे उत्तर बुधवारावर येऊन बसलं. दुखऱ्या पायात बूट कोंबावा तसं. बसलं, पण चालवेना. म्हणून शनिवारी सकाळची पहिली बस धरून मी खाली निघाले.

बेरीज : २७

ताई फाटकाशीच होती. "या, किडाबाई. तुमची मंडळी काही दर्शन देत नाहीत."

"थर्मामीटर कुठे लावलायस?"

"आधी पाणी तरी पी."

थर्मामीटरची पेटी जागच्या जागी, सावलीत, छातीच्या उंचीवर. सापळाही जागच्या जागी. कामगंध सापळा म्हणतात त्याला: पुठ्ठ्याचा छोटा तंबू, आत मादीच्या वासाची रबरी गोळी, तळाला चिकट कागद. मी आत डोकावले. एक पतंग नाही, एक पान नाही, एक कोळ्याचा धागा नाही. कागद इतका कोरा, जणू पाकिटातून आत्ताच काढलाय.

"कागद कधी बदललास?"

"मी? मी नाही बदलला अजून," ताई म्हणाली. "तूच म्हणालीस ना, भरल्यावर बदल."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. सासूबाईंनी चहा टाकला होता. मी मोरीवरच्या खिडकीकडे पाहिलं आणि पाहतच राहिले.

खिडकीत दोरीला, कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवलेले, पाच चिकट कागद. त्यांवर घरमाश्या. आणि माश्यांच्या अधेमधे करडे, नखाएवढे, तांब्याच्या डागाचे पतंग.

"मावशी," मी म्हटलं, "हे कागद कुठले?"

"हे ना, माश्यांना लावलेत. फार छान चिकटतात हो. तुझ्या ऑफिसात आणखी मिळतील का?"

"पण आणलेत कुठून?"

"बागेतल्या तंबूतले." त्या त्याला कधी कामगंध सापळा म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी मी ते नाव सांगितलं तेव्हा त्यांनी भाऊजींना पाणी आणायला पिटाळलं होतं.

ताई हातातला कप खाली ठेवून म्हणाली, "आई."

"अगं काय आई? मी सहाला बागेत फेरी मारते. बघते तर त्या तंबूत पाखरं चिकटून बसलेली. सातला तू फोटो काढणार, तो हिच्या ऑफिसात जाणार, चार लोक बघणार. सुनेच्या माहेरच्यांना आपल्या घरची घाण कशाला दाखवायची? नवा कागद घातला की कसं बरं दिसतं."

"रोज?"

"रोज. त्या बुधवारी तेवढी मी माझ्या बहिणीकडे होते. आल्यावर फोटो पाहिला. चौदा. मला तर कानकोंडं झालं."

दारात चहा घेऊन उभे असलेले भाऊजी आत आले आणि हळूच बसले. माणूस नाटकाला बसतो तसे.

"आणि मी काही मनाने नाही केलं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डब्यामागून एक घडी केलेला कागद काढला. आमच्या ऑफिसचं पत्रक. चष्मा लावून त्यांनी वाचलं, "नियम चार. सापळा नेहमी स्वच्छ व सुस्थितीत ठेवावा." ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

ते पत्रक मी लिहिलं होतं. मला म्हणायचं होतं, वाळकी पानं काढा, कोळ्याची जाळी काढा. पतंग काढू नका असं लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुणाच्या येईल?

"लिहिलंय खरं," भाऊजी म्हणाले.

ताई माझ्याकडे बघत होती आणि तिचे खांदे हलायला लागले होते. ती लहानपणापासून अशीच हसते, आवाज शेवटी येतो.

"मावशी, बाकीचे कागद? पाकिटात वीस होते."

"दोन न्हाणीघरात. तीन व्हरांड्यात. एक शेजारणीला दिला, तिच्याकडे मुंग्या झाल्यात."

"यातला पहिला कुठला, आठवतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना त्यांचं नाव विचारलंय. "हा. टाकी धुतली त्या दिवशीचा. यावर दोन होते. दुसऱ्या दिवशी तीन. मग पुन्हा तीन. मग सहा. आठ. अकरा. त्या दिवशी जरा गार होतं, नऊच. मग बारा."

"मोजलेत तुम्ही?"

"न मोजता कसं कळणार कमी होतायत की वाढतायत?"

माझ्या ऑफिसात चार पदवीधर आहेत. आम्ही सर्वांनी मिळून नऊ दिवस एका कोऱ्या कागदाचे फोटो पाहिले होते.

ताईने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. त्यात दूध, गॅस, टाकी सगळं लिहिलेलं असतं. टाकी धुतली तो मंगळवार. गेल्याच्या गेला मंगळवार.

मी सोमवार म्हटलं होतं. एक दिवस. डोंगरावरचं गणित खाली उतरून फक्त एक दिवस चुकलं होतं. पाय घसरला नव्हता, जरा अडखळला होता. आणि मी त्याला शिक्षा म्हणून दोन आकडे बदलले होते. मला इतकं हसू यायला लागलं की चहा नाकात गेला. सासूबाईंनी पाठीवर थोपटलं. "सावकाश. चुकलं का माझं काही?"

"नाही मावशी. चुकलं ते नियम चारचं."

बेरीज : २७ (खोडून) ८९

हसणं पेन्सिल हातात घेईपर्यंत टिकलं.

त्या मंगळवारपासून बुधवारपर्यंत बासष्ट. बुधवारपासून आजपर्यंत सत्तावीस. एकोणनव्वद. पानांवर अंडी आत्ताच भरपूर होती. आम्ही बागेत जाऊन पाहिलं तर होतीच, पानाच्या पाठीवर, मिठाच्या खड्याला कुणी चपटं केल्यासारखी.

"म्हणजे कार्डं आज हवीत," ताई म्हणाली.

"आपली कार्डं गुरुवारी निघणार."

"आणि अळी?"

"गुरुवारी."

 भाऊजी उठून अडगळीच्या खोलीकडे बघून आले. पंप तिथेच होता.

मी प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, अंडी उबतायत. बटण दाबून निघत नाहीत. गुरुवार म्हणजे गुरुवार." मी विचारलं, कुणाला आधी दिलेली एखादी खेप? त्या म्हणाल्या, "या महिन्यात एकच गेली. तुमच्या त्या डोंगरावरच्या गृहस्थांना. ते दर वर्षी त्याच तारखेला मागवतात, ऊन असो की गारठा."

काका. काका कार्डं मोसमाच्या फार आधी मागवतात आणि फ्रीजमध्ये ठेवून देतात, कारण एका वर्षी त्यांना मिळाली नव्हती. थंडाव्यात कार्डं दोन-तीन आठवडे झोपून राहतात. वर हवा अशी की त्यांचा पतंग अजून उठायचाच होता.

"दुपारची बस किती वाजता?" मी विचारलं.

"एक वाजता," ताई म्हणाली. "पोळी गुंडाळून देते."

बेरीज : खाली ९२, वर सुरू नाही

खाली नासपती बोराएवढी झाली होती. पाच वाजता मी वर उतरले तर झाडं फुलांनी पांढरी, आणि माझे दात वाजायला लागले. एकाच दिवसात मी उन्हाळ्यातून निघून वसंताच्या सुरुवातीला पोचले होते. पतंगासाठी हे अंतर बसचं नसतं, महिन्याचं असतं.

काका कानटोपी घालून झाडाखाली उभे होते. "काय गं, न सांगता?"

"काका, तुमची कार्डं फ्रीजमध्ये आहेत ना?"

"आहेत. तुझी काकू रोज विचारते, ही पाहुणे मंडळी जाणार कधी."

"लोण्याच्या जागेवर ठेवलीत," काकू आतून म्हणाल्या. "चाळीस वर्षांच्या संसारात लोण्याची जागा कुणी घेतली नव्हती."

मी सगळं सांगितलं. टाकी, कागद, शेजारणीच्या मुंग्या, नियम चार. काका कानटोपी काढून हसले, मग थंडी वाजली म्हणून पुन्हा घातली.

"कार्डं मला द्या," मी म्हटलं. "ताईची गुरुवारी निघतील, ती परस्पर तुमच्याकडे येतील."

"माझा पतंग कधी?"

"अजून बारा दिवस. एखाददुसरा इकडेतिकडे. आणि कार्डं त्यानंतरही आठवड्याने लागतील, तुमच्याकडे ऊब सावकाश साठते."

"कशावरून?"

"तुमच्याच वहीवरून."

वही नेहमीच्या जागी होती, रेडिओवर. काकांनी ती हातात घेतली.  माझे बारा दिवस पाचच निघाले आणि गुरुवारचा माल रस्त्यात अडकला, तर ते कार्डांशिवाय राहिले असते. एकोणीस वर्षांत त्यांनी अशी जोखीम कधी घेतली नव्हती, म्हणून तर फ्रीज. त्यांनी वहीवर हात ठेवला, उघडली नाही.

"खाली, त्या तव्यावर, एका दिवसाने चुकलीस?"

"एका दिवसाने."

"मग इथे कशाला चुकशील? इथे तर तुझं गणित मोठं झालं." त्यांनी वही रेडिओवर ठेवली आणि आत हाक मारली, "अगं, लोणी ठेवायला घे."

"आठही ने," काकू म्हणाल्या. "एकही परत आणू नकोस."

बेरीज : ९८

रविवारी सकाळच्या बसमध्ये थर्माकोलचा डबा मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "सामान काय आहे?"

"माश्या."

"किती?"

"एक लाख साठ हजार."

त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बसलेल्या आहेत ना? मग एकच तिकीट."

दहाला फाटकाशी पोचले. ताई, भाऊजी, सासूबाई तिघंही दोरे कापून तयार. आम्ही प्रत्येक कार्डाचे तुकडे केले आणि झाडाझाडाला बांधले, पानांच्या आत, उन्हाची बाजू सोडून. सासूबाईंनी एक तुकडा डोळ्यांजवळ धरला. त्यावर काळे ठिपकेच ठिपके.

"हे जरा पुसून घेऊ का?" त्यांनी विचारलं.

तीन माणसं एकाच वेळी त्यांच्याकडे वळली.

"गंमत केली," त्या म्हणाल्या आणि गाठ मारली.

भाऊजी शेवटचा तुकडा बांधताना म्हणाले, "गुरुवारी सकाळी बघू. निम्म्याहून जास्त अंडी काळी असली तर ठीक. नाहीतर मी थांबणार नाही, सांगून ठेवतो."

"निम्म्याहून जास्त," ताई म्हणाली. "ठरलं."

मी साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या कारणावर निबंध नाही." आणि थोड्या वेळाने, "त्या बाई ऑफिसात नोकरी करतील का, विचार."

बेरीज : १३९

गुरुवार, सकाळी सात. माझी रजा संपली होती. मी ती वाढवली होती.

भाऊजींनी पंप बाहेर काढून ठेवला होता. औषध नव्हतं घातलं, पण पाणी घालून दांडा मारून बघितला होता. फवारा लांबवर गेला. पंप उत्तम होता.

ताईने काल रात्रीपासून खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. मी कारण विचारलं नाही.

नियम सासूबाईंनी ठरवला: वीस अंडी, वीस वेगवेगळ्या झाडांवर, आणि भाऊजी झाड निवडणार, म्हणजे नंतर कुणी कुरकुर करायला नको. भिंग माझ्या हातात होतं, पण त्या माझ्याआधी बघायच्या, नुसत्या चष्म्याने, आणि सांगायच्या.

पहिलं: काळं. दुसरं: काळं. तिसरं पांढरं, आत अळीचं डोकं बारीक टिंबासारखं. भाऊजींनी मान हलवली. चौथं काळं. पाचवं काळं. सहावं शोधायला वेळ लागला कारण भाऊजींनी मुद्दाम कडेचं, उन्हातलं झाड निवडलं होतं. काळं.

"तिथेसुद्धा पोचल्या," ते स्वतःशीच म्हणाले.

दहा झाडांनंतर आठ काळी. ताईने बोटांवर मोजायचं सोडून दिलं होतं, ती नुसती सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती. अकरावं पांढरं. बारावं काळं. तेरावं, चौदावं, पंधरावं काळं. आता मोजायची गरज नव्हती, निम्मं केव्हाच उलटलं होतं, पण कुणी थांबेना. सतराव्या झाडापाशी भाऊजीच पुढे होऊन पान उलटायला लागले.

"काळं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खणखणीत होता, परीक्षेचा निकाल वाचणाऱ्यासारखा. "हे पण काळं. आई, हे बघ."

"दिसतंय मला. वीसपैकी सतरा."

"उरलेली तीन?"

"ती तीन फळं तू खा," ताई म्हणाली.

भाऊजींनी पंपातलं पाणी तिथेच जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं. मग पंप उलटा करून नीट निथळू दिला, फडक्याने पुसला, दांड्याला तेल लावलं. एवढ्या लाडाने त्याला त्यांनी आजवर वागवलं नव्हतं. तो उचलून अडगळीच्या खोलीत नेताना त्यांनी विचारलं, "दुसरी पिढी कधी येते यांची?"

"खाली? सात आठवड्यांनी. खालच्या हवेत एका उन्हाळ्यात तीन पिढ्या होतात, काकांकडे दोनच."

"मग तारीख आत्ताच लिहून दे. भिंतीवर लावतो."

"अंदाज आहे तो, भाऊजी. ऊब बघून बदलेल."

"बदलू दे. पेन्सिलीने लिही."

मी कॅलेंडरवर लिहिलं. सासूबाईंनी खाली त्यांच्या अक्षरात भर घातली: कागद बदलू नये. मग थांबून: मोजावे. शेजारीण कुंपणापलीकडून विचारत होती, मुंग्यांसाठी आणखी एखादा कागद मिळेल का. ताई स्वयंपाकघरात गेली होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि ती नवा गुणाकार करत होती: तीन पिढ्या, शून्य फवारण्या. उत्तर तिने दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा खिडकीतून.

ताईने आणि मी पहिल्यांदा पतंग मोजले ते जिन्यातल्या दिव्याखाली. मी सहा वर्षांची होते, तिने अकरा मोजले आणि मी तेरा. 'किडा' हे नाव तेव्हाचं.